बादलीभर आत, पेलाभर बाहेर

पाइप कुठलाही असो, माझ्यापुढे तो खोटं बोलू शकत नाही! भिंतीला नुसता कान लावून कुठल्या मजल्यावर काय तुंबलंय ते सांगणारा प्लंबर आहे मी. लोक छातीवर हात ठेवून सांगतात, "आम्ही त्यात काही टाकलेलं नाही हो," आणि मी आतून मोजे, चमचे, दात घासायचा ब्रश आणि एकदा तर चालू घड्याळ काढून त्यांच्यापुढे ठेवलेलं आहे. त्या बाईंनी घड्याळात वेळ पाहिली, ते पुसलं आणि दार लावून घेतलं.

आमच्या धंद्याचा कायदा एकच. जेवढं आत जातं तेवढं बाहेर आलं पाहिजे. कमी आलं तर एकतर तुंबलंय, नाहीतर गळतंय. तिसरी गोष्ट या जगात नाही. या कायद्यावर मी आजवर पोट भरलं, आणि याच कायद्यानं त्या पोटाचे कसे धिंडवडे काढले ते आता ऐका.

झालं असं, की मला जिना चढताना धाप लागायला लागली. अवजारांची पिशवी उचलली की डोळ्यांपुढे काजवे. रक्त तपासलं तर ते पाण्यासारखं पातळ निघालं. पोटाच्या डॉक्टरबाईंनी वरून नळी घालून पाहिलं, खालून नळी घालून पाहिलं, आणि दोन्हीकडे सगळं ठीक आहे म्हणाल्या. मला आनंद झाला. तो त्यांनी टिकू दिला नाही.

"वरचं पाहून झालं, खालचं पाहून झालं. मधलं लहान आतडं राहिलंय," त्या म्हणाल्या. "तिथून कुठून तरी थेंब थेंब रक्त जात असणार. त्यासाठी हा कॅमेरा गिळायचा."

त्यांच्या तळहातावर एक गोळी होती. औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढी, आणि आतला दिवा लुकलुकवत ती डोळे मिचकावत होती.

मी मनातल्या मनात हसलो. कॅमेरा? पाइपात कॅमेरे सोडणं तर माझं रोजचं काम! मी ऐटीत खुर्चीत पुढे सरकलो आणि धंदेवाईक आवाजात विचारलं, "याची वायर कुठाय?"

"वायर नसते."

"मग मागे ओढायचा कसा?"

"ओढायचा नाहीच. तो आपोआप बाहेर येतो."

आपोआप! माझ्या पोटात गोळा आला, तो कॅमेरा जायच्या आधीच. ज्याला शेपूट नाही ती वस्तू पाइपात सोडायची नाही, हे मी मेव्हण्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. हा मेव्हणा माझ्याबरोबरच काम करतो. कुठल्याही दोन माणसांच्या मध्ये जाऊन घट्ट बसायची सवय असल्यामुळे त्याला सगळे वॉशर म्हणतात. आत्ताही तो माझ्या आणि बायकोच्या मध्येच बसला होता.

"उतार किती आहे मॅडम?" वॉशरनं विचारलं.

"कशाला?"

"आतड्याला."

"उतार नसतो. आतडं स्वतः आवळून आवळून पुढे ढकलतं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वीसेक फूट पाइप, वेटोळं घालून कोंबलेला, उतार शून्य! असलं काम आम्ही केलं असतं तर लोकांनी जोड्यानं मारलं असतं.

डॉक्टरबाई भल्या. माणूस घाबरलाय हे पाहून त्यांनी कागदावर चित्र काढून समजावायला घेतलं. माझं वाटोळं झालं ते त्या समजावण्यानं. तोंडात लाळेच्या ग्रंथी, त्या लाळ सोडतात. जठराच्या भिंतीत ग्रंथी, त्या आम्ल सोडतात. किती कडक, तर चुनखडीवर ओतलं तर फेस येईल इतकं. आम्ही तुंबलेल्या मोरीत ओततो तेच म्हणा ना! पुढे यकृतातून पित्त येतं, स्वादुपिंडातून आणखी एक रस येतो, आणि दोघांचं तोंड आतड्यात एकाच ठिकाणी उघडतं.

"दोघांत एकच जोडणी?" मी म्हणालो. "मग एकाचं दुसऱ्यात उलटं नाही जात?"

"झडप असते."

"कधी बदलायची?"

"ती बदलत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तो वॉशरच्या पायावर पडला.

"असे सगळे मिळून दिवसाला बादलीभर रस आत ओतले जातात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि खाली किती पोचतो?"

"फार थोडा. पेलाभर म्हणा."

"मग बाकीचं पाणी?"

"भिंतीतून जातं. पाणी, आणि अन्नातलं जवळपास सगळंच. लहान आतड्याच्या भिंतीतून ते रक्तात उतरतं."

त्या हे हसत हसत सांगत होत्या. माझी मात्र पाचावर धारण बसली. बादलीभर आत आणि पेलाभर बाहेर! म्हणजे एखाद्या सांध्यातून नाही, एखाद्या भेगेतून नाही, पाइप अथपासून इतिपर्यंत पाझरतोय, तोही जन्मल्यापासून, आणि हे या बाईंना माहीत आहे! मी घाम पुसत बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "अहो, प्रश्न पुरे. गिळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी गिळला. घशातून जाताना त्यानं एकदा डोळा मिचकावला असावा, कारण वॉशर "गेला, गेला, वळणावर दिसला" असं म्हणत माझ्या तोंडात वाकून बघत होता. कमरेला एक पट्टा बांधला. आतला कॅमेरा फोटो काढणार आणि पट्ट्यातला डबा ते साठवणार. दिवसभर पट्टा काढायचा नाही, जड उचलायचं नाही, घरी बसून राहायचं.

घरी बसलो. वॉशरनं आमची लोखंडी कांडी आणली. जमिनीखालची गळती ऐकायला आम्ही ती वापरतो. एक टोक जमिनीला, दुसरं कानाला. त्यानं एक टोक माझ्या बेंबीला टेकवलं आणि डोळे मिटले.

"काय ऐकू येतंय?"

"पाणी वाहतंय भावोजी."

"कुठून कुठे?"

"सगळीकडून सगळीकडे."

कांडी थंडगार होती, आणि मला त्याहून थंडगार घाम फुटला. बायकोनं कांडी काढून घेतली आणि वॉशरला चहा करायला पाठवलं. तरी तो आतून विचारत होताच, "पोटावर ओल आलीये का, हात लावून बघा."

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा संडासात जाऊन आलो. कॅमेरा बघायचा प्रश्नच नव्हता. इतकी लांबी, इतकी वळणं, उताराच्या नावानं शंख, तेव्हा तो चार दिवसांच्या आत खाली पोचणं शक्य नव्हतं. हा अंदाज नव्हे, अनुभव होता. मी निवांत बसलो, निवांत उठलो, फ्लश ओढला, आणि रात्री पट्टा सोडून ठेवला.

सकाळी पट्टा परत करायला गेलो तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "हजारो फोटो असतात, बघायला थोडे दिवस लागतील. तोवर कॅमेरा बाहेर पडला की कळवा. परत नकोय आम्हाला, फक्त कळवा."

"आणि नाही पडला तर?"

"एक्स-रे काढू. क्वचित अडकतो एखाद्याचा."

"अडकला तर?"

"मग आत जाऊन काढावा लागतो."

आत जाऊन! म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. सगळे उपाय थकले की आम्हीही आत जातो. छिन्नी लावतो आणि भिंत फोडतो. मग पाइप दुरुस्त होतो, वर सिमेंट थापतो आणि मालकाला सांगतो, "वाळलं की कळणारसुद्धा नाही." वाचकहो, खरं सांगतो, मी आजवर कुणाचीही भिंत फोडून ती पहिल्यासारखी करून दिलेली नाही. आणि आता कुणीतरी माझ्या पोटावर खडूनं रेघ मारणार होतं.

त्या दिवसापासून आमचा पहारा सुरू झाला. मी स्टीलची बारीक जाळी कापून कमोडच्या मापाची चाळणी बनवली. काम इतकं सुबक झालं होतं, की वेगळ्या कारणासाठी असती तर पाहुण्यांना दाखवली असती. चाळणीत कॅमेरा सोडून सगळं आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी बाहेर आलो की दाराशी बायको आणि वॉशर उभे असत आणि माझा चेहरा बघून बाजूला होत.

मग माझी खात्रीच पटली. तुंबलंय. आणि तुंबलेल्या पाइपात वरून भर घालायची नसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी जेवण बंद केलं.

"दोन घास तरी खा," बायको म्हणाली.

"कशाला? तिथेच जाऊन अडकणार. आणि नाही अडकलं तर गळून जाणार."

"अहो, आधीच अंगात रक्त नाही."

"रक्त कुठून राहील? पाइप बघितलास का कसा आहे?"

तिनं ताट माझ्यापुढून उचललं आणि ओट्यापाशी बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. मला तिला सांगायचं होतं की मला भीती वाटतेय. पण कुठलाही पाइप फुटला की ज्याला लोक हाक मारून बोलावतात त्या माणसानं असं म्हणायचं नसतं. मी पाणी मागितलं. तेही तिनं दिल्यावर प्यालो नाही.

उपाशीपोटी पोट जे काही आवाज काढायला लागलं! गुरगुर काय, कळ काय, मध्येच एखादा बुडबुडा बरगडीखालून निघून कमरेपर्यंत प्रवास करायचा. वॉशरनं निदान केलं, हवा अडकलीये. पाइपात हवा अडकली की पाणी पुढे सरकत नाही. उपाय ठरलेला: उलट बाजूनं उतार द्यायचा आणि बाहेरून ठोकायचं.

उपासाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी बायको बाजारातून परत आली तेव्हा मी पलंगाच्या कडेवरून खाली डोकं सोडून लोंबकळत होतो, वॉशरनं एका हातानं माझे दोन्ही पाय खांद्यावर धरले होते, आणि दुसऱ्या हातातल्या रबरी हातोडीनं तो माझ्या पोटावर हळूहळू ठोकत, एकेका ठिकाणी कान लावत होता.

"इथे भरीव वाजतंय," तो म्हणाला.

"ते यकृत आहे, गाढवा," मी खालून म्हणालो. आता मला नकाशा पाठ झाला होता.

बायकोच्या हातातली पिशवी गळून पडली. तिनं आधी हातोडी घेतली, मग भावाचा कान. मी धडपडत उठलो, आणि उठताना पोटात अशी काही कळ आली की मी जमिनीवरच बसलो. संपलं. फुटला पाइप! मी डोळे मिटले आणि वॉशरला म्हणालो, "माझा मोठा पाना तुला. कॅमेरा तुला. वायरवालाच कॅमेरा वापर, बाकीच्यांवर विश्वास ठेवू नकोस."

वॉशर तोंडात रुमाल कोंबून रडायला लागला. बायको माझ्याशेजारी फरशीवर बसली. मला वाटलं रागावेल. तिनं माझा हात धरला तर तिचा हात माझ्याहून गार होता.

"मला फार भीती वाटतेय हो," ती म्हणाली.

"मलाही," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून."

हे बोललो आणि जरा बरं वाटलं. पण तिनं तेवढ्यात डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "उठा. आत्ताच्या आत्ता एक्स-रे." तिच्यापुढे कळदेखील थांबली.

एक्स-रे काढणारा माणूस अबोल होता. त्यानं मला फळीला टेकवून उभं केलं, श्वास रोखा म्हणाला, सोडा म्हणाला, आणि पडद्यामागे गेला. बाहेर येऊन म्हणाला, "कॅमेरा नाही यात."

"नीट बघा."

"बघितलं. धातूचं काहीही नाही पोटात."

बायकोनं सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र बोटांवर हिशेब मांडला. चाळणीत आला नाही आणि पोटातही नाही! आत गेला, बाहेर आला नाही, आणि तुंबलेलाही नाही. कायद्याप्रमाणे एकच गोष्ट उरली. मी कॉरिडॉरमधून भिंत धरत डॉक्टरबाईंच्या खोलीकडे धावलो. समोरून येणारी परिचारिका घाबरून बाजूला झाली. दार ढकललं आणि आत शिरलो. वॉशर माझ्या आधीच शिरला होता.

"डॉक्टरबाई, तो गळाला."

"कोण?"

"कॅमेरा. भिंतीतून गेला. तुम्हीच म्हणालात, सगळं भिंतीतून रक्तात उतरतं. आता तो रक्तात फिरतोय. हृदयाशी कधी पोचेल तेवढं सांगा."

वॉशरनं माझ्या मनगटावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथून काहीतरी टकटक जातंय मॅडम."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. त्यांनी मला बसवलं, पाणी पाजलं.

"त्या भिंतीतून वाटेल ते जात नाही," त्या म्हणाल्या. "घास चावा, आम्लात घुसळा, पित्तात फोडा, रसांनी त्याचे बारीक बारीक तुकडे करा, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे. मग भिंत त्यांना आत घेते. एवढ्या सगळ्या ग्रंथी राबतात त्या त्याचसाठी. कॅमेरा कुठून जाईल?"

"पण ही गळती..."

"गळती नाही हो, तेच तर जेवण. जेवढं आत घेतलं तेवढंच बाहेर आलं असतं, तर तुम्ही पोटभर जेवून उपाशी मेला असता."

आयुष्यभराचा कायदा असा एका वाक्यात तुंबला. बायको म्हणाली, "तीन दिवस जेवले नाहीयेत डॉक्टर."

"मग कॅमेरा आहे कुठे?" मी विचारलं.

"फोटो आजच पाहून झालेत. बघा ना तुम्हीच," असं म्हणत त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

आधी माझी जीभ दिसली, तिच्यामागे वॉशरचा डोळा. मग अंधार, मग जठर, चुरगळलेल्या उशीसारखं. मग लहान आतडं आलं आणि मी सगळं विसरून पुढे वाकलो. नव्या टॉवेलला असते तशी बारीक दाट लव, ओली, गुलाबी, थरथरणारी, फूटच्या फूट! याच लवेतून म्हणे सगळं आत जातं. इतकं सुंदर काम मी कुठल्याही पाइपात पाहिलं नाही, आणि ते माझ्या पोटात होतं, या माणसाच्या पोटात, ज्यानं त्यावर हातोडी चालवून घेतली होती.

"हे बघा," डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं. लवेच्या मधोमध एक लहानशी लाल जखम होती. थोडं पुढे आणखी एक. "गुडघ्यांसाठी वेदनेच्या गोळ्या घेता का? उपाशीपोटी?"

"रोज," बायकोनं सांगून टाकलं.

"त्या आजपासून बंद. जखमा भरतील, रक्त वाढेल. ऑपरेशन वगैरे काही नाही."

बायकोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला तर वाटलं, उठून डॉक्टरबाईंच्या घरचे सगळे नळ फुकट बदलून द्यावेत. वॉशर माझ्या गळ्यात पडला. त्या भरात मी मोठ्या मनानं म्हणालो, "पण तो बाहेर कधी पडला?"

"त्याच दिवशी संध्याकाळी. तुमचं आतडं एकदम कामसू निघालं. आणि पट्टा कमरेलाच होता, म्हणून बाहेर पडल्यावरचेही फोटो आलेत." त्यांनी बटण दाबलं. पडदा पांढराशुभ्र झाला. चिनीमातीची भिंत, तळाशी पाणी. आमचाच कमोड, आतल्या बाजूनं. "तुम्ही बराच वेळ बसलेले दिसता, कारण यापुढे असेच शेकडो फोटो आहेत. बाकी सगळं समजलं मला, पण एक गोष्ट कळली नाही. प्रत्येक फोटोत मागच्या बाजूनं ही पाण्याची बारीक धार येतेय, ती काय आहे?"

वॉशर एकाएकी पंख्याकडे बघायला लागला.

"ती होय?" बायको म्हणाली. तिचा आवाज इतका गोड मी लग्नानंतर प्रथमच ऐकला. "फ्लशची टाकी गळतेय, डॉक्टर. मी वर्षभर सांगतेय. हे म्हणतात, भास आहे तुझा."

डॉक्टरबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या कागदावर लिहिलेल्या धंद्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्यांना हसू आवरलं नाही. बायको पर्स उघडत फोन करायला म्हणून बाहेर गेली. मला वाटलं, आईला खुशाली कळवत असेल.

घरी पोचलो तर दारात एक अनोळखी माणूस खांद्यावर अवजारांची पिशवी टाकून उभा होता. बायकोनं त्याला सरळ आत नेलं. त्यानं टाकीचं झाकण काढलं, आत डोकं घातलं, जीभ टाळ्याला लावून च्च च्च केलं आणि आम्हा तिघांकडे वळून विचारलं, "याला आधी कुणी हात लावला होता हो?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. वॉशरसुद्धा माझ्याकडेच बघायला लागला.

"असेल कुणीतरी," मी म्हणालो. "हल्ली चांगली माणसं कुठे मिळतात?"